पेरूला आईबाबांना घेऊन जायचंय: तिथली रीतभात आणि सुरक्षितता, अनुभवी लोकांनी सांगा

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आईबाबांना घेऊन पेरूला जायचं ठरतंय, लिमा, कुस्को आणि माचू पिचू, एकूण अकरा दिवस. आम्ही न्यू जर्सीत असतो, आईबाबा एप्रिलमध्ये सांगलीहून येतायत. बाबा ६८, बीपीची गोळी चालू आहे, आई ६३, गुडघे कुरकुरतात पण चालायला माझ्यापुढे. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे, फळ्यावर दक्षिण अमेरिका काढली की अँडीजची ओळ खडू आडवा धरून एका फटक्यात काढायचे, त्यामुळे ही ट्रिप त्यांच्यासाठी काय आहे ते तुम्हाला कळेल. पण नेटवर वाचलं की एक माणूस म्हणतो लिमात पाऊल ठेवू नका आणि दुसरा म्हणतो काही भीती नाही. शिवाय आम्ही शाकाहारी, स्पॅनिश शून्य. तिथे काय करावं, काय करू नये, लोकांशी कसं वागावं, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन काय काळजी घ्यावी, हे नीट सांगाल का? बुकिंग अजून झालेलं नाही, त्यामुळे प्लॅन बदलायचा असेल तरी चालेल.

निळा_पारवा
मी नऊ वर्षं लिमात राहतेय, नवऱ्याची खाणकामातली नोकरी. जरा सविस्तर लिहिते.

आधी लिमा. खोटा धीर देणार नाही, गेल्या काही वर्षांत इथे गुन्हेगारी वाढलीय, दुकानदार आणि बसवाल्यांकडून खंडणी मागण्याचे प्रकार इतके झाले की २०२५ मध्ये लिमा आणि शेजारच्या कायाओत सरकारने दोनदा आणीबाणी जाहीर केली. पण हा सगळा त्रास मुख्यतः इथल्या लोकांना, वस्त्यांमध्ये. चार दिवस आलेल्या पाहुण्याला धोका असतो तो मोबाईल आणि बॅगेचा. मिराफ्लोरेस, बारांको किंवा सान इसिद्रो यापैकी कुठेतरी राहा. जुन्या शहरातला प्लाझा मायोर, सान फ्रान्सिस्कोचा मठ हे दिवसा बघा आणि अंधार पडायच्या आत परत या. विमानतळ कायाओत आहे, तिथून बाहेर पडून रस्त्यावर टॅक्सीला हात करायचा नाही, आतल्या अधिकृत काउंटरवरून किंवा ॲपवरून घ्यायची. इथल्या टॅक्सीला मीटर नसतो, रस्त्यावर घेतली तर बसायच्या आधी भाडं ठरवायचं, नंतर वाद घालून उपयोग नाही.

टॅक्सीत मोबाईल मांडीवर ठेवून मॅप बघू नका, काच बंद असली तरी. इथे चोर स्पार्क प्लगच्या चिनीमातीचा तुकडा काचेवर मारतात, काच क्षणात भुगा होते आणि हात आत येतो. फोन सीटखाली किंवा पायाजवळ. रस्त्यात बघायचाच असेल तर दुकानात शिरा, दुकानदाराला बुएनास तार्देस म्हणा, तिथे उभं राहून बघा आणि ग्रासियास (धन्यवाद) म्हणून बाहेर पडा. कोणी हाकलत नाही.

आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथे नमस्कार केल्याशिवाय कोणी काही विचारत नाही. दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात वेटिंगला बसलेल्यांना सुद्धा आत शिरताना बुएनोस दिआस (दुपारनंतर बुएनास तार्देस, रात्री बुएनास नोचेस) म्हणायचं. आपण भारतीय लोक सरळ "हाउ मच?" करतो, ते इथे फार उद्धट वाटतं. आणि याचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. मी पहिल्या वर्षी कुस्कोच्या सान पेद्रो मार्केटात पपई घेत होते, रोज सकाळी त्याच बाईकडे, रोज नमस्कार व्हायचा. एक दिवस ती बोलता बोलता फळांवरून पुढे वाकली, माझ्या खांद्यावरची पर्स स्वतःच्या हाताने पुढे ओढली, चेन लावली आणि मान न वळवता हळूच "क्विदादो, मामिता" (सांभाळ गं बाई) म्हणाली. माझ्यामागे दोन पोरं उभी होती, ती निघून गेली. त्या बाईने माझ्यासाठी हे केलं कारण मी तिची "कासेरा" झाले होते. हा शब्द लक्षात ठेव, नेहमीचं गिऱ्हाईक आणि नेहमीचा विक्रेता दोघंही एकमेकांना कासेरा, कासेरिता म्हणतात. आणि कासेरीने तोलून झाल्यावर वर एक फळ टाकलं तर त्याला "यापा", आपली भाजीवाली कोथिंबीर-मिरची वर टाकते ना, तेच.

मुक्काम_पोस्ट
काचेच्या प्रकाराला दुजोरा. माझा फोन लिमात असाच गेला, सिग्नलला उभे होतो, संध्याकाळचे सहा. मला वाटलं टायर फुटला. काचेचे कण केसात होते आणि हात रिकामा. ड्रायव्हर बिचारा माझ्याहून जास्त घाबरला, त्याची गाडी होती. कोणाला काही लागलं नाही हे नशीब. पोलीस तक्रार करायला गेलो तर टुरिस्ट पोलीस वेगळे असतात, ते बरेच मदत करतात, इन्शुरन्ससाठी तो कागद लागतोच. बँकेचं ॲप असलेला फोन हॉटेलात ठेवा आणि बाहेर जुना फोन न्या, हे मी आता सगळ्यांना सांगतो. पोलिसांचा नंबर १०५, ॲम्ब्युलन्स १०६, आग ११६.

औषधपेटी
मी फिजिशियन आहे. ताई, तुमच्या केसमध्ये चोरापेक्षा मला उंचीची काळजी जास्त वाटते. कळसूबाई १६४६ मीटर, कुस्को ३४०० च्या आसपास, म्हणजे दुपटीहून वर, आणि लिमा समुद्रसपाटीला, तिथून विमानाने सव्वा-दीड तासात तुम्ही थेट त्या उंचीवर उतरता. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. तिथे याला सोरोचे म्हणतात. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या-दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना होतं आणि विश्रांतीने उतरतं. पण बसल्या जागी धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल, बोलण्यात गोंधळ वाटत असेल तर वाट बघायची नाही, त्याच वेळी खाली न्यायचं, मध्यरात्र असली तरी.

म्हणून प्लॅन उलटा करा. कुस्को विमानतळावर उतरा आणि तिथे मुक्काम न करता गाडीने सरळ ओयान्तायताम्बोला जा, साधारण दोन तास, उंची २८०० च्या आसपास. तिथे दोन-तीन रात्री, मग रेल्वेने माचू पिचू (ते २४३० मीटरवर आहे, कुस्कोपेक्षा खूप खाली, हे लोकांना माहितच नसतं) आणि कुस्को शेवटी. पहिल्या दिवशी जड जेवण नको, दारू नको, जिने नको. डायमॉक्सची गोळी काही जणांना उपयोगी पडते पण बाबांच्या बीपीच्या गोळ्या कोणत्या आहेत, सल्फाची ॲलर्जी आहे का, हे बघून त्यांच्याच डॉक्टरांनी ठरवायचं, इथे विचारून घेऊ नका.

रानवाटा
आणि कोकाचा चहा प्यायचा! उतरल्यापासून प्रत्येक हॉटेलात ठेवलेला असतो, मला तरी फार फरक पडला.

औषधपेटी
रानवाटा, प्यायला हरकत नाही, गरम पाणी पोटात जातं, बरं वाटतं, पण त्याने उंचीचा आजार टळतो याला भक्कम पुरावा नाही. लोक चहावर भरवसा ठेवून दुसऱ्याच दिवशी ५००० मीटरच्या रेनबो माउंटनला जातात, ते करू नका. तुम्ही तर अजिबात नाही ताई.

निळा_पारवा
कोकाबद्दल अजून एक, फार महत्त्वाचं. पेरूत कोकाची पानं कायदेशीर आहेत, त्यांच्या पूजेत लागतात, तीन पानं जुळवून डोंगराला वाहतात, त्यामुळे त्यावरून "ड्रग्ज" म्हणून चेष्टा करू नका. पण टी-बॅग, चॉकलेट, गोळ्या काहीही बॅगेत घालून अमेरिकेत किंवा भारतात नेऊ नका. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात येतं आणि अमेरिकेतही चालत नाही. निघायच्या आदल्या रात्री आईबाबांच्या पर्सचे कप्पे स्वतः तपासा, हॉटेलवाले सहज हातात पाकीट देतात आणि म्हातारी माणसं जपून ठेवतात. आणि विमानतळावर कोणाचंही पार्सल हातात घ्यायचं नाही, कितीही गोड बोलला तरी.

कृष्णाकाठची
बाप रे, हे सगळं मला खरंच माहीत नव्हतं. प्लॅन आजच उलटा करते. व्हिसा आणि पिवळ्या तापाचं काय? कोणीतरी म्हणालं लस घेतल्याशिवाय भारतात घेत नाहीत.

औषधपेटी
नियम असा आहे की पिवळ्या तापाच्या यादीतल्या देशातून (पेरू त्यात आहे) निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लसीचं पिवळं कार्ड लागतं, नसेल तर क्वारंटाइन. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. आईबाबा पेरूहून न्यू जर्सीला येऊन दोन-तीन आठवडे राहणार असतील तर हा प्रश्न येत नाही, पण मधे कुठला यादीतला देश येत नाही ना ते बघा. निव्वळ आरोग्याच्या दृष्टीने लिमा, कुस्को, माचू पिचूसाठी ही लस सांगत नाहीत, ॲमेझॉनच्या बाजूला, इकितोस किंवा पुएर्तो माल्दोनादोला जाणार असाल तर सांगतात. साठीपुढच्यांना ही लस सरसकट देत नाहीत, धोका तोलून देतात. म्हणून मी म्हणेन जंगल या वेळी वगळा आणि लसीचा विषय मिटवा.

मुक्काम_पोस्ट
व्हिसाचं: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल आणि तो किमान सहा महिने शिल्लक असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, २०१७ पासून. आईबाबांचा दहा वर्षांवाला असेल तर काम झालं. तरी तिकीट काढायच्या आधी पेरूच्या दूतावासाच्या साइटवर एकदा बघून घ्या, नियम बदलतात.

थालीपीठ
शाकाहारींसाठी मी लिहिते, दोन वेळा जाऊन आलेय. पहिला धडा: "सिन कार्ने" म्हणजे मांस नको एवढंच सांगितलं तर ताटात कोंबडी येते, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गाईचं-डुकराचं, कोंबडी वेगळी. पूर्ण वाक्य पाठ करा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो", मी मांस, कोंबडी, मासे खात नाही. आणि सूप आलं तर "काल्दो दे पोयो?" विचारा, क्विनोआच्या सूपमध्येही कोंबडीचं पाणी असतं. न विचारता प्यायले मी एकदा, आणि कळल्यावर आतून हललेच, पण त्यात त्या बाईचा काही दोष नव्हता, तिच्या दृष्टीने त्यात मांसाचा तुकडा नव्हताच.

पण उपाशी राहणार नाही कोणी. बटाट्याचं माहेर आहे ते! जगातलं आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्र लिमात आहे, १९७१ पासून, आणि मार्केटात जांभळे, काळे, गाठी-गाठीचे बटाटे बघून आईला वेड लागेल. पापा आ ला वांकाइना म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीचा रस्सा (वर अंडं असतं, चालत नसेल तर आधी सांगा). चोक्लो कोन केसो, म्हणजे मोठ्ठ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीज. चिफा म्हणजे तिथलं चायनीज, तिथे आरोस चाउफा दे वेर्दुरास मागा, भाज्यांचा फ्राइड राइस. चिचा मोरादा हे जांभळ्या मक्याचं सरबत, बाबांना आवडेल. नळाचं पाणी नाही प्यायचं, रस्त्यावरचा बर्फ नाही.

आणि हॉटेलात बसल्यावर शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस उठून जाताना "प्रोवेचो" म्हणतो, म्हणजे सावकाश होऊ द्या. आपणही म्हणायचं, फार छान वाटतं. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, आम्ही अर्धा तास ताटकळलो. "ला कुएन्ता, पोर फावोर." बऱ्या हॉटेलात दहा टक्के टिप, टॅक्सीला टिप देत नाहीत.

अवांतर: पेरू नावाचं फळ तिथे शोधू नका, त्याला ग्वायाबा म्हणतात :)

निळा_पारवा
थालीपीठ, अगदी! अजून काही बारीकसारीक. संडासात कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा, पाइप तुंबतात. बाहेरच्या टॉयलेटमध्ये कागद नसतोच, सोबत ठेवा आणि सुटे सोल (इथलं चलन) ठेवा. नोटांचं म्हणाल तर इथे खोट्या नोटा पुष्कळ. दुकानदार तुमची नोट उजेडात धरेल, चोळून बघेल, त्यात अपमान मानायचा नाही, तुम्हीही त्याच्यासमोर तसंच करा, कोणाला काही वाटत नाही. फाटकी नोट घेऊ नका, पुढे कोणी घेत नाही, डॉलरची सुद्धा. शंभर आणि दोनशेच्या नोटा हॉटेलात मोडा, बाजारात नाही.

भेटताना बायका-बायका आणि बाई-पुरुष उजव्या गालाला गाल लावतात, पुरुष-पुरुष हात मिळवतात. आईला आधी सांगून ठेव, माझी सासू पहिल्यांदा एकदम मागे सरकली आणि समोरचे गृहस्थ ओशाळले. नको असेल तर आपण आधीच हात पुढे करायचा, समजून घेतात.

आता एक शब्द जपून. आपण कुठून आलो विचारलं की "सोय इंदिओ" किंवा "इंदिआ" म्हणायचं नाही. "सोय दे ला इंडिया", मी भारतातून आलेय, असं म्हणायचं. इंदिओ ही इथे डोंगरातल्या मूळ लोकांना शेकडो वर्षं दिलेली शिवी आहे, ज्याला ती ऐकून घ्यावी लागलीय त्याच्यासमोर आपण हसत हसत तो शब्द वापरला की त्याचा चेहरा कसा पडतो ते मी पाहिलंय. ते आपल्याला "इंदू" म्हणतील, धर्म कुठलाही असो, त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ भारतीय एवढाच. आणि १९८० ते २००० च्या हिंसाचाराबद्दल, सेंदेरो लुमिनोसो या माओवादी बंडखोर संघटनेबद्दल गाइडला किंवा ड्रायव्हरला सहज कुतूहल म्हणून विचारू नका. सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे ६९ हजारांचा अंदाज दिला होता, आणि त्यातले बहुतेक क्वेचुआ बोलणारे गरीब शेतकरी. समोरच्याच्या घरातलं कोण गेलंय तुम्हाला माहीत नसतं. तो स्वतः बोलला तर ऐका.

रानवाटा
माझ्याकडून दोन गोष्टी.

एक, पारो म्हणजे संप आणि त्यासोबतचा रास्ता रोको. डिसेंबर २०२२ मध्ये अध्यक्ष कास्तियो यांना हटवल्यावर दक्षिणेत सगळं पेटलं तेव्हा मी माचू पिचूच्या पायथ्याशी आग्वास कालियेन्तेसला अडकलो होतो. त्या गावाला गाडीरस्ता नाही, रेल्वे हाच मार्ग, आणि रुळांवर दगड टाकलेले. एटीएममधले पैसे संपले. काही लोक रुळांवरून चालत निघाले, माझ्या खोलीशेजारच्या काकांची हृदयाची गोळी संपत आली होती ते मात्र कुठे जाणार. तेव्हापासून मी कुठेही जाताना आठवड्याची जास्तीची औषधं अंगावरच्या बॅगेत घेतो, मोठ्या बॅगेत नाही. तुम्हीही बाबांची गोळी तशीच ठेवा आणि परतीच्या विमानाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. रास्ता रोको दिसला तर फोटो काढायला पुढे जाऊ नका, ड्रायव्हरला "काहीतरी करून काढ" म्हणून भरीला घालू नका. दगड पहिल्यांदा त्याच्या काचेवर येतो.

दोन, दगडांना हात लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. २०१४ मध्ये नाझ्काच्या रेषांजवळ (वाळवंटातल्या जमिनीवर काढलेली प्राचीन चित्रं) ग्रीनपीसचे लोक संदेश मांडायला चालत गेले, त्यांच्या पावलांच्या खुणा तिथे राहिल्या, जमीनच तशी आहे. २०२० मध्ये माचू पिचूच्या सूर्यमंदिरात रात्री घुसलेल्या पर्यटकांमुळे भिंतीचा दगड पडला, पकडले गेले, त्यातल्या पाच जणांना देशाबाहेर काढलं. कुस्कोतला तो प्रसिद्ध बारा कोनांचा दगड, फेब्रुवारी २०२५ मध्ये एकाने त्यावर घाव घातले. चुन्याशिवाय बसवलेला दगड, शेकडो वर्षांत किती भूकंप झेलले त्याने. आपल्या किल्ल्यांवर खडूने नावं लिहिलेली बघून ज्याचा जीव तुटतो त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

मुक्काम_पोस्ट
माचू पिचूचं तिकीट महिनोन्महिने आधी काढा, पासपोर्टवर आहे तसंच नाव घाला, गेटवर मूळ पासपोर्ट बघतात. आम्हाला एका एजंटने "तिकीट मिळेल तिथेच" सांगितलं आणि मिळालं नाही, दिवसभर रांगेत. वाट एकाच दिशेची असते, मागे फिरता येत नाही आणि आत टॉयलेट नाही, त्यामुळे वर गेटपाशी जाऊन घ्या. काठी रबरी टोक असलेलीच चालते. आत फिरायच्या वाटा ठरलेल्या असतात, त्यांना सर्किट म्हणतात. आईच्या गुडघ्यांसाठी तिसरं सर्किट, खालच्या बाजूचं, चढ कमी.

कृष्णाकाठची
फोटोंचं काय? त्या रंगीत कपड्यातल्या बायका, लामाचं पिल्लू घेतलेल्या?

निळा_पारवा
कुस्कोच्या चौकात ज्या आपणहून पुढे येतात त्यांचं ते काम आहे, फोटोच्या आधी किती ते ठरवा आणि द्या, दिल्यावर कमी-जास्त बोलू नका. पण गावात, शेतात, बाजारात काम करणाऱ्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. "पुएदो तोमार्ले ऊना फोतो?" मान हलवली नाही तर नाही. आणि चिंचेरोसारख्या गावात विणलेली शाल घेताना घासाघीस थोडीच करा, एक शाल हातमागावर कित्येक दिवस चालते, दहा सोलसाठी तिला अर्धा तास उभं करू नये. स्वस्त "बेबी अल्पाका" म्हणून जे गठ्ठ्याने विकतात ते बहुतेक ॲक्रेलिक, त्याला घासाघीस काय हवी ती करा.

एकदा चिंचेरोजवळ एका घरी जेवायला होते. म्हातारबाबांनी चिचाचा पेला हातात घेतला, पिण्याआधी बोट न बुडवता पेला जरासा कलता केला, मातीवर चार थेंब सांडले आणि "पाचामामा" म्हणाले. भूमाता. माझे आजोबा जेवायच्या आधी ताटाभोवती चित्राहुती घालायचे, पाण्याची ती बोटांनी काढलेली रेघ एकदम डोळ्यासमोर आली. मीही चार थेंब सांडले. बाबांनी असं काही बघितलं आणि तेही केलं तर तुला पुढे काही बोलायची गरज पडणार नाही, त्या घरात तुम्ही पाहुणे राहत नाही.

आणि भूकंप राहिलाच. इमारतींत हिरव्या-पांढऱ्या पाट्या असतात, मोठं एस अक्षर, तिथे भूकंपाच्या वेळी उभं राहायचं. हॉटेलात शिरल्यावर आईबाबांना ती जागा दाखवून ठेव. १५ ऑगस्ट २००७ ला पिस्कोला ८ रिश्टरच्या आसपासचा झाला होता. लिमात समुद्राकाठी असाल आणि मोठा धक्का बसला तर थांबायचं नाही, उंचावर निघायचं, बाणांच्या पाट्या आहेत.

कृष्णाकाठची
धागा वर काढतेय, ओयान्तायताम्बोहून लिहितेय! आज चौथा दिवस. लिमात मोबाईल पायाजवळ ठेवून फिरलो, काही झालं नाही. पहिल्या रात्री इथे बाबांचं डोकं दुखलं, पाणी आणि झोप, सकाळी ठीक. बीपी रोज दोनदा बघतेय. औषधपेटी, तुमचे खरंच आभार, थेट कुस्कोला राहिलो असतो तर काय झालं असतं देव जाणे, कारण येताना चिंचेरोच्या चढावर गाडीतच बाबा गप्प झाले होते.

आईने एकच वाक्य पाठ केलंय, बुएनास तार्देस, आणि ती ते सकाळीही म्हणते. समोरच्या वाण्याच्या दुकानातल्या बाईने पहिल्या दिवशी हसून दुरुस्त केलं, आज दुसऱ्या दिवशी तिने आईला स्टूल दिलं आणि आई तिथे बसून मटार सोलायला लागली, भाषा एकमेकींना येत नाही. निघताना तिने पिशवीत दोन ग्रानादिया (तिथलं एक फळ) टाकल्या, पैसे घेईना. यापा म्हणाली.

काल माचू पिचू झालं. तिसरं सर्किट अगदी योग्य, आईचे गुडघे टिकले. वर धुकं होतं, बाबा कठड्याला न टेकता अर्धा तास उभे होते, धुकं हटल्यावर गाइडला इंग्रजीत विचारत होते की खालची नदी कुठल्या बाजूला वाहते आणि मग स्वतःच म्हणाले, ॲमेझॉनला मिळते ना ही. गाइडने हात मिळवला त्यांच्याशी.

उद्या कुस्कोला चाललोय, तीन रात्री. २४ तारखेला इंती रायमी, इंकांचा सूर्योत्सव, आहे म्हणून गर्दी फार असणार, आईबाबांना वरच्या साक्सायवामानच्या इंका अवशेषांकडे त्या दिवशी न्यावं की आदल्या दिवशीच बघून घ्यावं? इथे वायफाय चांगलं आहे, आज रात्री सांगितलंत तर बरं होईल.

निळा_पारवा
आदल्या दिवशीच, सकाळी लवकर. २४ ला वर उन्हात तासन् तास उभं राहावं लागतं, बसायला तिकिटाची जागा नसेल तर बाबांना नको. त्याऐवजी सकाळी कोरिकांचाच्या (शहरातलं इंकांचं सूर्यमंदिर) बाजूला मिरवणूक सुरू होते ती बघा, पण तिथेही बॅग पोटावर. आणि जून आहे, रात्री कडाक्याची थंडी पडते, हॉटेलात आधीच हीटर मागून ठेव, नंतर शिल्लक राहत नाहीत.